परशूचा उलटा हात

नागेशला गिटार वाजवता येत नव्हती. रामनगरात हे फक्त त्याच्या बायकोला, प्रियांकाला, माहीत होतं, आणि तिकडे कुळगीच्या रानालगतच्या वाडीत परशूला. बाकी ज्यांच्या ज्यांच्या मोबाइलवर शाळेचं गाणं पोचलं होतं त्या सगळ्यांच्या लेखी नागेश म्हणजे गिटारवाला, असं गेल्या जानेवारीत होऊन बसलं होतं.

नागेशचे आजोबा खानापूरकडून रामनगरला आले आणि त्यांनी कौलं आणि पाइपांचं दुकान घातलं. दुकानामागच्या गोदामात नागेशने भिंतींना जुन्या गोधड्या ठोकून रेकॉर्डिंगची खोली केली होती. काचेच्या आत एक माइक, काचेबाहेर एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड. भजनी मंडळांची पदं, लग्नातल्या मंगलाष्टका, शाळांच्या संमेलनाची गाणी असली कामं तिथे चालायची. त्याचा कान तयार होता. बोटं मात्र चालत नसत. कीबोर्डवर तो एकेक सूर ठेवायचा आणि मग माउसने पुढेमागे सरकवून जागेवर बसवायचा.

परशू पन्नाशीचा. कुळगीच्या वनखात्याच्या कॅम्पात रोजंदारीवर वाटा साफ करायचा, पाहुण्यांच्या शेकोटीसाठी लाकडं फोडायचा, आणि पावसाळ्यात घरचं भात करायचा. सुप्याचं धरण बांधलं जात होतं तेव्हा त्याचा बाप तिथे मजुरीला होता. कॉलनीत गोव्याकडचा एक फिटर राहायचा, त्याने लहानग्या परशूला गिटार शिकवली आणि जाताना आपली गिटार त्यालाच देऊन गेला. पुढे लग्न झाल्यावर लाकूड डेपोत एक ओंडका घरंगळला आणि परशूच्या उजव्या मनगटावर आला. हाड सांधलं, पण वाकडं. तेव्हापासून तारेवर वरून खाली मारताना त्याच्या हातात जोर राहिला नाही. गिटारवाले ठेक्यावर वरून खाली मारतात आणि मधल्या जागा खालून वर भरतात. परशूचं बरोबर उलट. ठेका तो खालून वर उचलायचा आणि मधल्या जागी हात हलकेच खाली आणायचा. भजनात लोक त्याला ‘उलटा परशू’ म्हणायचे. तो हसायचा, पण गर्दीत वाजवताना हात शर्टाच्या लांब बाहीत ठेवायचा.

नागेशने त्याला वाडीच्या भजनात ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्याने त्याला बोलावून घेतलं. दोन दिवस गोदामात बसवलं. परशूने प्रत्येक तारेवरचा प्रत्येक सूर वाजवायचा, आधी वरून खाली, मग खालून वर. हळू एकदा, जोरात एकदा. आणि हे सगळं तीनतीनदा. नऊशेच्या वर आघात झाले. वरून खालचे आघात नीट उमटावेत म्हणून परशूने दात आवळून मनगट वळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सुजलं, तर प्रियांकाने मिठाच्या पाण्याचा शेक दिला.

“हे एवढं कशाला रं?” परशूने विचारलं होतं.

“साठवून ठेवतो मामा. कॉम्प्युटरात. पुढंमागं लागलं तर असावं.”

“ठेव की,” परशू म्हणाला. एवढंच.

नागेशने त्या आवाजांचं एक वाद्य तयार केलं. कीबोर्डवर सूर दाबला की परशूची तार वाजायची. डावीकडच्या अगदी टोकाच्या दोन पट्ट्या त्याने रिकाम्या ठेवल्या होत्या. एक दाबून सूर वाजवला की वरून खाली मारल्याचा आवाज यायचा, दुसरी दाबली की खालून वर. दोन्हीपैकी काही दाबलं नाही तर कॉम्प्युटर आपला आपण एक खाली, एक वर, एक खाली, एक वर असं करत राहायचा.

डिसेंबरात राजेश्वरी बाईंचा फोन आला. बाई जोयड्याच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. नागेश पाचवी ते दहावी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. शाळेला पन्नास वर्षं होत होती. बाईंनी स्वतः एक गीत लिहिलं होतं, मुलींकडून गाऊन घ्यायचं होतं, आणि आठ दिवसांत ते हवं होतं.

“सुरुवातीला नुसती गिटार असू दे,” बाई म्हणाल्या. “सकाळी रानात एकट्यानं चालल्यासारखं वाटलं पाहिजे.”

नागेशच्या डोक्यात पहिलं नाव परशूचंच आलं. त्याने दोनदा फोन लावला. कॅम्पात रेंज नसते हे त्याला ठाऊक होतं. मोटरसायकल काढून वाडीवर जाऊन यायला अर्धा दिवस लागला असता. तो गेला नाही. आपल्याकडे आवाज आहेच की, असं तो स्वतःशी म्हणाला आणि कामाला बसला.

पहिल्या दिवशी जे तयार झालं ते ऐकून त्यालाच कसंतरी झालं. सूर सगळे बरोबर होते, पण वेताच्या छडीने बाक बडवावा तसं एक खाली, एक वर चाललं होतं. मग त्याला आठवलं, आपल्या मोबाइलवर परशूचा एक व्हिडिओ आहे. वाडीच्या देवळात भजनाच्या वेळी काढलेला, चार मिनिटांचा. नागेशने तो कॉम्प्युटरवर घेतला आणि थांबवून थांबवून बघितला. हात कुठे वर गेला, कुठे खाली आला, कुठे नुसताच हवेतून फिरला. वहीच्या पानावर त्याने बाण काढले. चार पानं भरली. मग ते बाण तसेच्या तसे बाईंच्या चालीवर बसवले, डावीकडच्या त्या दोन पट्ट्या एकेका सुराला दाबत.

गिटार चालायला लागली. ठेका जमिनीवरून उचलल्यासारखा येत होता, मधले सूर हलके पडत होते. नागेशने ते दहा वेळा ऐकलं. आपण केलं हे, असं त्याला वाटलं, आणि त्या क्षणी ते त्याला खोटंही वाटलं नाही.

बाई ऐकायला रामनगरला आल्या. गोदामातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटून बसल्या. गाणं संपलं तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले.

“गिटार कुणी वाजवली रे?”

नागेशला सांगता आलं असतं. बाई, वाजवली कुणीच नाही, हे असं असं आहे. परशूमामाचे आवाज आहेत. पण तेवढं सांगायला वेळ लागला असता, आणि बाईंचे डोळे अजून ओले होते.

“मीच, बाई.”

“शाळेत असताना साधी टाळी धरता यायची नाही तुला,” बाई म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गाण्याच्या व्हिडिओत शेवटी नावं आली. शब्द राजेश्वरी बाई, गायन शाळेच्या मुली, गिटार आणि संगीत नागेश. दोन दिवसांत तो गावोगावच्या ग्रुपांवर फिरला. आणि आठवड्याने बाईंचा परत फोन आला: समारंभात गाणं मुली स्टेजवर म्हणणार, तू गिटार घेऊन त्यांच्या शेजारी बसायचंस.

“बाई, स्टेजवर जरा...”

“लाजायचं काय त्यात? पत्रिकेत नावं छापून झालीत.”

फोन ठेवल्यावर प्रियांकाने विचारलं, “काय म्हणाल्या बाई?” त्याने सांगितलं.

“तुमाला वाजवाय येत न्हाई,” ती म्हणाली.

“आवाज रेकॉर्डिंगचा, स्पीकरवरनं येणार. मी नुसतं हात फिरवायचा.”

“परशूमामाला बोलवा. त्यास्नी सांगा, तुमी वाजवा म्हणून.”

“आता कसं सांगू? नाव छापलंय गं.”

प्रियांका आत गेली. त्या दिवसापासून समारंभापर्यंत ती गाण्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. नागेशने खानापुरातल्या मित्राची गिटार आणली आणि आरशासमोर बसून सराव केला. डाव्या हाताची बोटं कुठून कुठे सरकतात ते पाठ केलं. उजव्या हाताचा त्याने फारसा विचार केला नाही. ते काय, हलवायचं.

समारंभ जोयड्याला शाळेच्या पटांगणात होता. दुपारची वेळ, वर कापडी मांडव, खाली खुर्च्यांच्या रांगा. नागेश गिटार मांडीवर घेऊन बसला आणि त्याने समोर बघितलं, तर तिसऱ्या रांगेत परशू. धुतलेला पांढरा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. शेजारी त्याची बायको येसू. तेव्हा नागेशला आठवलं की गाणाऱ्या मुलींत डावीकडून दुसरी, लाल रिबिनवाली, ती रक्षिता, परशूची मुलगी. दहावीत होती. हे त्याला माहीत होतं. पण माहीत असून त्याने ते कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

स्पीकरमधून गिटार सुरू झाली.

परशू गाणं पहिल्यांदाच ऐकत होता. त्याचा चेहरा पहिल्या सुरालाच उजळला. आपल्या घरचं माणूस गर्दीत अचानक दिसावं तसा. तो किंचित पुढे झुकला. मांडीवर ठेवलेला त्याचा उजवा हात आपोआप हलायला लागला: खालून वर, खालून वर, मध्ये हलकेच खाली. एकही चुकत नव्हता. मग त्याने मान उचलून स्टेजकडे, नागेशच्या हाताकडे बघितलं.

नागेशला चारही पानांवरचे बाण पाठ होते. पण शंभरावर माणसं समोर होती, आणि हात प्रत्येक ठेक्यावर वरून खाली पडत होता. घाबरलेल्या माणसाचा हात पडतो तसा. आवाज वर उचलला जायचा, हात खाली यायचा. त्याला स्वतःलाही ते दिसत होतं. त्याने हात उलटा फिरवायचा प्रयत्न केला, तर ठेकाच सुटला आणि दोन सूर हात हवेतच राहिला. मांडवात कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

परशूच्या आलं. त्याचा मांडीवरचा हात थांबला. त्याने मूठ मिटली, हात बाहीत ओढून घेतला आणि तो पायांकडे बघत बसला. गाणं संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. तो एकटाच असा होता, ज्याच्याकडे बघायची नागेशला भीती वाटत होती, आणि गाणंभर नागेशला दुसरीकडे कुठे बघता आलं नाही.

टाळ्या झाल्या. बाईंनी नागेशला शाल घातली, नारळ दिला. मांडवाबाहेर चहाच्या टेबलाजवळ बाईंनी त्याला हाताला धरून नेलं. तिथे परशू आणि येसू उभे होते.

“हे आमच्या रक्षिताचे वडील,” बाई म्हणाल्या. “हेही भजनात गिटार वाजवतात म्हणे. परशुराम, तुम्ही याच्याकडून थोडं शिकून घ्या की. नागेश, शिकवशील ना यांना? हात कसा पाहिजे, काय पाहिजे.”

येसूने नवऱ्याकडे बघितलं. परशू मात्र बाईंकडेच बघत होता.

“व्हय बाई,” तो म्हणाला. “चांगलं वाजीवतो पोरगा.”

आणि तो रक्षिताला हाक मारत निघून गेला.

परतताना शाल मोटरसायकलच्या डिकीत कोंबलेली होती. मागे प्रियांका बसली होती. घरी उतरल्यावर एवढंच म्हणाली, “त्यांनी तुमची लाज राखली. तुमी त्यांची न्हाई राखली.”

पुढचे चार दिवस नागेश दुकानात बसला, गोदामात गेला नाही. गिऱ्हाईक येऊन “काय गिटारवाले!” म्हणालं की त्याच्या कानांच्या पाळ्या तापायच्या. पाचव्या दिवशी सकाळी त्याने मोटरसायकल काढली आणि तो वाडीवर गेला. जायला सव्वा तास लागला. डिसेंबरातही सव्वाच तास लागला असता.

परशू घरामागच्या परड्यात कणगी, म्हणजे रताळ्यासारखे कंद, खणत होता. येसू उकडलेली कणगी पानावर घेऊन आली, मीठ ठेवलं, आणि “खा,” म्हणून आत गेली. नागेशने हात लावला नाही.

“मामा, माझी चूक झाली.”

परशूने कुदळ बाजूला ठेवली आणि बांधावर बसला.

“सूर सगळा वर चाललेला आन तुझा हात खाली,” तो म्हणाला. “मला वाटलं, माझंच डोळं फिरलं.”

परशूने हातांची माती झटकली.

“तार माझी हाय, हे मी पयल्याच घावात वळखलं. त्याचं काय न्हाई. ते मीच दिलेलं तुला. पण ती वर-खालची चाल? ती कुठनं आणलीस?”

“तुमच्या व्हिडिओतनं. देवळातल्या. बघून बघून लिहून काढली.”

परशूने मनगट दुसऱ्या हाताने चोळलं.

“ह्या हाताची मला इतकी वर्सं लाज वाटली. उलटा म्हणायचे लोक, मी हसायचो. मला कधी वाटलंच न्हाई की ते चांगलं हाय. त्या दिवशी मांडवात पयल्यांदा वाटलं. दोन कडवी वाटलं. मग तुझा हात दिसला.” त्याने कुदळ जवळ ओढली. “मला इचारलं असतंस तर मी बसून सांगितलं असतं की रं. कुठं वर, कुठं खाली. खूश होऊन सांगितलं असतं.”

“बाईंना मी सांगतो, मामा. नाव बदलतो.”

“नावाचं मागनं बघ.” परशूचा आवाज पहिल्यांदा चढला. “घरी आल्यावर रक्षितानं इचारलं मला. म्हणाली, बाबा, ते गिटार तुमच्यागत वाजतंय. आन मी काय म्हणालो ठाऊक हाय? न्हाई गं, म्हणालो, ते लई चांगलं वाजतंय. पोरीला खोटं बोललो मी. तुझ्यापायी.”

शिव्या बसतील, परशू उठून जाईल, इथवर नागेशने वाटेत मनाची तयारी केली होती. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

“तिला तू सांग,” परशू म्हणाला. “आज आयतवार हाय, घरात बसलीय.”

रक्षिता पुढच्या पडवीत गणितं सोडवत होती. नागेश तिच्यासमोर जमिनीवर बसला. स्वतःच्या अर्ध्या वयाच्या मुलीला काय सांगायचं ते त्याला सुचेना. मग त्याने सरळच सांगितलं. बाबांचे सूर दोन वर्षांपूर्वी घेतलेत, हाताची चाल त्यांच्या व्हिडिओतून उचललीय, मला गिटार वाजवता येत नाही.

तिने पेन वहीत ठेवलं. “मग स्टेजवर तुमी काय करत होता?”

“हात हलवत होतो.”

“आमी शेजारी उभं राहून खरं गात होतो,” ती म्हणाली. ती रागावली नव्हती, तिला नुसतं ते कळत नव्हतं. “मग चहाच्या तिथं बाबा काहीच का बोलले न्हाईत?”

आतून येसू म्हणाली, “तुझा बाबा तसाच हाय,” आणि भांडी आपटल्याचा आवाज आला.

“बाईंना ठाऊक हाय?” रक्षिताने विचारलं.

“सांगतो.”

“कधी?”

“उद्या.”

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. राजेश्वरी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच त्यांनी “हं” केलं. तो शाल परत द्यायला घेऊन आला होता, ती टेबलावर ठेवली. बाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

“त्या माणसाला मी तुझ्याकडून शिकायला सांगितलं रे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या बायकोसमोर.” आणि त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. नागेशला वाटलं होतं, बाई ओरडतील. पाचवीत ओरडायच्या तशा. त्या ओरडल्या नाहीत. “परिपाठाची घंटा होतेय. पोरांसमोर बोलशील?” एवढं त्यांनी विचारलं.

तो बोलला. दीडशे मुलं उन्हात रांगेत उभी होती. माइक नको म्हणाला, तर मागच्यांना ऐकू जाईना, मग बाईंनी माइक त्याच्या हातात दिला. लहान मुलांना काही कळलं नाही. वरच्या वर्गातली दोनचार मुलं फिसकन हसली. गिटार रक्षिताच्या वडिलांची आहे, हे वाक्य त्याने दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा आवाज फुटला नव्हता. रक्षिता आपल्या रांगेत समोर बघत उभी होती.

व्हिडिओत नाव बदललं. त्याच्याखाली त्याने चार ओळी लिहिल्या, परशूचे सूर आणि परशूच्याच हाताची चाल, मी फक्त कॉम्प्युटरवर मांडली, असं. जुना व्हिडिओ मात्र ज्या ग्रुपांवर गेला होता तिथे तसाच राहिला. अजूनही कधी कुणी तो नव्याने ऐकतं आणि नागेशचं कौतुक करतं. दर वेळी त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. काही जण ऐकून म्हणतात, असू दे हो, एवढं काय त्यात. ते त्याला जास्त लागतं.

उन्हाळ्यात परशू बियाणं न्यायला रामनगरला आला होता, तेव्हा आपण होऊन गोदामात आला. ते वाद्य त्याला बघायचं होतं. नागेशने डावीकडच्या दोन पट्ट्या दाखवल्या. परशूने एका बोटाने एक दाबली, मग दुसरी, आणि वरचा सूर वाजवून बघितला. पाचसहा वेळा. मग त्याने गाणं लावायला सांगितलं आणि तिसऱ्या कडव्याला हात वर केला.

“हितं थांबव. हितं मी वर न्हाई मारणार. हितं तार बदलतीया. खाली घे.”

नागेशने बदललं. परशूने ऐकलं, मान डोलावली.

“मामा, हे सगळं पुसून टाकू?” नागेशने विचारलं. “तुम्ही म्हणाल तर आत्ताच.”

परशू म्हणाला, “पुसू नगंस. पण मला इचारल्याबिगर लावू नगंस.”

दसऱ्याच्या आधी एका भजनी मंडळाचं काम आलं. नागेश वाडीवर गेला, परशूला विचारलं, आणि परशू आपली गिटार घेऊन रामनगरला आला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. पहिलं पद एका दमात वाजवून झालं. नागेश काचेपलीकडे कॉम्प्युटरजवळ बसला होता आणि पडद्यावर आवाजाची रेघ सरकताना बघत होता. परशूच्या हाताकडे बघायचं त्याला अजून जमत नव्हतं.

“बरं झालं काय?” परशूने आतून विचारलं.

“झालं, मामा,” तो म्हणाला. “अजून एकदा घेऊया.”